भाषा दोन, पंगत एक

आपल्या महाविद्यालयाच्या या अंकात मी आजवर चार-पाच लेख लिहिले. अंक हाती आला की प्रथम आपला लेख नीट छापला आहे ना ते पाहायचे, मग सहकाऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे लेख चाळायचे, आणि जिथे कन्नड विभाग सुरू होतो तिथे अंक मिटवून ठेवायचा, असा माझा इतक्या वर्षांचा परिपाठ. ही कबुली आधीच देऊन ठेवतो, कारण या लेखाचा शेवट तिच्याशीच जाऊन भिडतो.

गतवर्षी ऑगस्टअखेर एका परिषदेच्या निमित्ताने फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकी येथे, जाण्याचा योग आला. परिषद आटोपली आणि परतीच्या विमानापूर्वी एक अख्खा दिवस मोकळा राहिला. माझी व्यवस्था पाहणारे तेथील प्राध्यापक म्हणाले, “संग्रहालये दाखवू की शहर?” मी म्हणालो, “शहर दाखवा. आणि ते खाते काय, तेही.” गृहस्थ खूश झाले. त्यांची मातृभाषा स्वीडिश, पत्नीची फिन्निश. त्या एका दिवसात जे पाहिले, खाल्ले आणि त्यांच्याकडून समजून घेतले, ते येथे मांडतो.

प्रत्येक गोष्टीला दोन नावे

सकाळी ट्रॅममध्ये बसलो. पुढच्या थांब्याचे नाव फलकावर उमटले आणि क्षणभराने बदलले. वाटले, थांबा चुकला. यजमान हसले. थांबा एकच होता, नावे दोन होती. रस्त्यांच्या पाट्यांचेही तेच. वर फिन्निश नाव, खाली स्वीडिश. शहरसुद्धा फिन्निशमध्ये हेलसिंकी, तर स्वीडिशमध्ये हेलसिंगफोर्स.

आजच्या हेलसिंकीत स्वीडिश मातृभाषा असलेले लोक शंभरात जेमतेम पाच-सहा आहेत. इतक्या थोड्यांसाठी हा खटाटोप का, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. हे शहर वसवले तेच मुळी स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने, १५५० मध्ये. १८०९ पर्यंत फिनलंड हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता. कचेरी, न्यायालय, विद्यापीठ, सारे स्वीडिशमध्ये चाले. खेड्यापाड्यांतील बहुसंख्य शेतकरी मात्र फिन्निश बोलत. खुद्द हेलसिंकीतही एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत स्वीडिश बोलणारेच अधिक होते. १९०० च्या सुमारास पारडे फिरले होते. म्हणजे आजचे अल्पसंख्य हे कालचे सत्ताधारी. हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या पाट्यांचा अर्थ कळत नाही.

बंदरावरचा बाजार

ट्रॅममधून उतरलो तो थेट बंदरावरच्या बाजारचौकात. फिन्निशमध्ये काउप्पातोरी, स्वीडिशमध्ये सालूतोरियेट. समोर समुद्र, बोटी, आणि धक्क्यावर नारिंगी कनातींची दुकाने. जांभळ्या-काळ्या बिलबेऱ्या, तांबड्या लिंगनबेऱ्या, वाटाण्याच्या शेंगा आणि पिवळी रानअळंबी यांचे ढीग लागले होते. बेऱ्या आणि शेंगा विकण्याचे माप लिटरचे. मालाचे वजन करीत नाहीत, डब्याने मोजून देतात. आपल्याकडचे जुने मापटे आठवले. शेंगा विकत घेऊन लोक तिथेच उभ्याने सोलून दाणे तोंडात टाकीत होते. यांतल्या बऱ्याचशा बेऱ्या रानातल्या. त्या देशात जमीन कोणाचीही असो, रानातली फळे आणि अळंबी वेचण्याचा अधिकार सर्वांना आहे. कोणाच्या अंगणात शिरायचे नाही आणि उभ्या पिकाला धक्का लावायचा नाही, एवढेच पथ्य.

याच धक्क्यावर दर ऑक्टोबरात हेरिंग माशांचा बाजार भरतो, आणि ही परंपरा १७४३ पासूनची आहे. बेटांवरचे कोळी बोटी लावून बोटीतूनच खारवलेले मासे आणि काळी गोडसर पावरोटी विकतात. किनाऱ्यावरच्या व बेटांवरच्या या कोळ्यांत पूर्वापार स्वीडिश बोलणारे पुष्कळ. शहरातले गिऱ्हाईक बहुतांशी फिन्निश. भाव दोन्ही भाषांत ठरतो.

चौकाला लागून विटांची एक लांबट मंडई आहे, १८८९ साली उघडलेली. तिथे न्याहारीला घेतली कार्यालानपीराक्का. राईच्या पिठाची पातळ पोळी, तीत तांदळाची घट्ट खीर, कडा चिमटीने चुण्या घालून वर वळवलेल्या, आणि भाजल्यावर वरून उकडलेल्या अंड्याचे लोणी. खीर गोड नव्हे, अळणी. चुण्या पाहून आपल्या करंजीची मुरड आठवते. हा पदार्थ मूळचा पूर्वेकडच्या कारेलिया प्रांताचा. दुसऱ्या महायुद्धात कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि तिथल्या चार लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये यावे लागले. त्यांची गावे गेली, पण पीराक्का त्यांच्याबरोबर आली. ज्यांच्या शेजारी ही माणसे वसली त्यांनी ती उचलली, आणि आज ती देशभर प्रत्येक दुकानात मिळते. निर्वासितांच्या शिदोरीतला पदार्थ साऱ्या राष्ट्राचा झाला.

‘सता’ म्हणजे शत

मंडईत एका दुकानी यजमानांनी चीज मागितले. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, “सता ग्राम्मा?” मी कान टवकारले. सता म्हणजे किती? “शंभर,” यजमान म्हणाले. मी म्हणालो, “आमच्याकडे संस्कृतात शत म्हणतात.”

हा योगायोग नव्हे. फिन्निश ही आपल्या भाषाकुळातली नाही. ती उरल कुळातली, हंगेरियनची दूरची नातेवाईक. उलट स्वीडिश भारत-युरोपीय कुळातली, म्हणजे मराठीची लांबची चुलत बहीण. ‘तीन’ला स्वीडिशमध्ये ‘त्रे’ म्हणतात, फिन्निशमध्ये ‘कोल्मे’. पण भाषाशास्त्रज्ञ सांगतात की फार प्राचीन काळी उरल कुळातील लोकांचा भारत-इराणी भाषा बोलणाऱ्यांशी संबंध आला आणि त्यांनी काही शब्द घेतले. ‘सता’ हा त्यांतला एक. हातोड्याला फिन्निशमध्ये ‘वासारा’ म्हणतात, तो आपल्या ‘वज्रा’चा सोयरा.

म्हणजे हेलसिंकीत दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा एका गल्लीत नांदतात. आपल्या गावाला हे नवे नाही. मराठी आणि कन्नडही दोन कुळांतल्याच, एक भारत-युरोपीय तर दुसरी द्राविडी. आणि कुळे वेगळी म्हणून देवघेव थांबते असे नाही. तिकडे कॉफीला फिन्निशमध्ये ‘काह्वी’ म्हणतात आणि गोड पावाला ‘पुल्ला’. हे दोन्ही शब्द स्वीडिशमधून आलेले. इकडे आपण भाकरीवर जे ‘तूप’ घालतो ते कन्नड ‘तुप्प’, आणि ज्यांना ‘अण्णा’, ‘अक्का’ म्हणतो ती हाकही तिकडचीच. शब्द आधी स्वयंपाकघरात शिरतात, शाळेत नंतर.

भांडण होते, आणि मोठे होते

मंडईतून निघून सिनेट चौकात आलो. पांढरेशुभ्र कॅथीड्रल, समोर विद्यापीठ, मधोमध रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याचा पुतळा. १८०९ नंतर फिनलंड रशियाच्या झारकडे गेले. १९१७ मध्ये ते स्वतंत्र झाले, तरी झाराचा पुतळा लोकांनी हलवला नाही. त्याचे एक कारण १८६३ सालचे. त्या वर्षी या झाराने भाषाविषयक फर्मान काढले की, वीस वर्षांच्या आत फिन्निश बोलणाऱ्या प्रजेच्या कामकाजात फिन्निशला स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान मिळावे. त्यामागे धडपड होती स्नेलमान या विचारवंताची. गंमत अशी की फिन्निशचा हा कैवारी स्वतः स्वीडिशमध्ये लिहीत असे. १९०६ साली त्याच्या जन्मशताब्दीला हजारो लोकांनी आपली स्वीडिश आडनावे टाकून फिन्निश आडनावे घेतली.

यजमानांनी विद्यापीठाकडे बोट केले. “१९२० आणि १९३० च्या दशकांत इथे विद्यार्थी भाषेवरून भांडत होते,” ते म्हणाले. विद्यापीठाची भाषा एकटी फिन्निश असावी, ही मागणी जोरात होती. १९३७ च्या कायद्याने फिन्निश ही प्रमुख भाषा ठरली, पण स्वीडिशमध्ये शिकवणाऱ्या अध्यापकांची काही पदे राखून ठेवण्यात आली. आजही परीक्षेचा पेपर फिन्निश वा स्वीडिश, कोणत्याही भाषेत लिहिण्याचा हक्क तेथील विद्यार्थ्याला आहे.

दुपारचे जेवण आणि आठ टक्क्यांचा हिशेब

दुपारी विद्यापीठाच्या विद्यार्थी-भोजनालयात गेलो. सरकारी अनुदानामुळे तिथे विद्यार्थ्याला तीन युरोंच्या आसपास पूर्ण जेवण मिळते. शाळांतून तर सर्व मुलांना रोज फुकट गरम जेवण देण्याची पद्धत १९४८ पासून आहे. युद्धाने पोळलेल्या गरीब देशाने आधी मुलांच्या ताटाची सोय लावली, हे मला विशेष वाटले.

त्या दिवशी होते सामनमाशाचे सूप. फिन्निशमध्ये लोहिकेइत्तो, स्वीडिशमध्ये लाक्ससोप्पा. मासा, बटाटा, कांद्याची पात, दूध आणि साय; आणि वर भरपूर हिरवे काहीतरी. चमचा तोंडात घातला आणि ओळख पटली, शेपू! लहानपणी ज्या भाजीवरून आईची बोलणी खाल्ली, ती सहा हजार किलोमीटर दूर येऊन पुन्हा भेटली. येथे मात्र दोनदा वाढून घेतली. सोबत राईची काळी, आंबट, चिवट पावरोटी, रुइसलेइपा. २०१७ मध्ये स्वातंत्र्याची शताब्दी झाली तेव्हा लोकांनी मते देऊन हिलाच राष्ट्रीय अन्न ठरवले. थंड, ओढग्रस्त जमिनीतही राई तग धरते, जशी आपल्या कोरडवाहू रानात ज्वारी. पूर्वी पश्चिम फिनलंडमध्ये वर्षातून एकदोनदाच भट्टी पेटवीत. मधे भोक ठेवलेल्या चपट्या रोट्या काठीवर ओवून आढ्याला टांगीत आणि महिनोन् महिने खात. पूर्वेकडे दर आठवड्याला ताजी, जाड रोटी भाजीत. फरक होता तो पूर्व-पश्चिमेचा, भाषेचा नव्हे. ज्वारीची भाकरी मराठी की कन्नड, असे आपण तरी कुठे विचारतो?

जेवताना मी नेमका प्रश्न विचारला. एवढ्या पाट्या, कागद, शिक्षक, हे सारे चालते कसे? उत्तर अगदी हिशेबी निघाले. १९१९ च्या राज्यघटनेने फिन्निश आणि स्वीडिश या दोन्हींना राष्ट्रभाषा म्हटले. १९२२ मध्ये भाषा-कायदा आला, आणि सध्याचा कायदा २००४ पासून लागू आहे. एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्य भाषेचे लोक निदान आठ टक्के असतील, किंवा टक्केवारी काहीही असो, तीन हजार असतील, तर ती नगरपालिका द्विभाषिक. तिथे पाटी, अर्ज, उत्तर, सारे दोन्ही भाषांत मिळाले पाहिजे. दर दहा वर्षांनी आकडे पाहून यादी नव्याने ठरते. हेलसिंकीत स्वीडिश बोलणारे तीन हजारांच्या कितीतरी पटींनी अधिक आहेत. म्हणून टक्का घसरला तरी पाटी टिकली. बहुसंख्यांची भाषा पाटीवर वर, दुसरी खाली, आणि हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच. जिथे स्वीडिश बोलणारे अधिक तिथे स्वीडिश वर.

“मग सगळे समाधानी आहेत?” मी विचारले. “छे!” यजमान म्हणाले. शाळेत प्रत्येकाला दुसरी राष्ट्रभाषा शिकावीच लागते. अनेक फिन्निश मुलांना ते ओझे वाटते. त्यांनी तिला ‘पाक्कोरुओत्सी’, म्हणजे ‘सक्तीची स्वीडिश’, असे नाव ठेवले आहे. वर्तमानपत्रांत वाद चालूच असतो. उलट कायद्याने हक्क असूनही दवाखान्यात स्वीडिश जाणणारी नर्स मिळत नाही, अशी दुसऱ्या बाजूची तक्रार. “पण आम्ही आता आकड्यांवर आणि तासिकांवर भांडतो,” ते म्हणाले, “एकमेकांच्या असण्यावर नाही.”

त्यांच्या घरी कोणती भाषा चालते, तेही विचारले. मुले वडिलांशी स्वीडिश बोलतात, आईशी फिन्निश. सरकारी नोंदीत मात्र मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव लिहिता येते. “तो रकाना भरताना आम्ही दोघे आठवडाभर बसलो होतो,” ते म्हणाले.

कानशिलात आणि वेलदोडा

दुपार कलली तसे एस्प्लनाडी बागेतून चालत निघालो. बागेच्या मधोमध रूनेबर्ग या कवीचा पुतळा आहे, १८८५ सालचा, त्याच्याच मुलाने घडवलेला. हा फिनलंडचा राष्ट्रकवी, आणि याने सारे लेखन केले स्वीडिशमध्ये. फिनलंडचे राष्ट्रगीत मूळ त्याचेच. आज बहुतेक लोक ते फिन्निश अनुवादातून गातात. दर वर्षी ५ फेब्रुवारीला, त्याच्या वाढदिवशी, बदामाचा एक छोटा उभट केक घरोघर खातात. वर रास्पबेरीच्या मुरंब्याचा ठिपका, भोवती साखरेचे कडे. कविता वाचलेली असो वा नसो, केक सर्व जण खातात.

जवळच्या कॉफीघरात बसलो. फिन लोक कॉफीचे जबरदस्त भोक्ते. माणशी वर्षाला सुमारे दहा किलो कॉफी, म्हणजे जगात अगदी वरचा क्रमांक. बी फिकट भाजतात, त्यामुळे कॉफी पातळ आणि किंचित आंबट लागते. कामगारांच्या करारांतही कॉफीच्या सुट्टीची तरतूद असते. सोबत आला दालचिनीचा गुंडाळलेला पाव. त्याचे नाव ‘कोर्वापूस्ती’, म्हणजे शब्दशः ‘कानशिलात’! इथल्या स्वीडिशमध्येही त्याला ‘एरफिल’ म्हणतात, अर्थ तोच. थप्पड दोन्ही भाषांत सारखीच गोड. घास घेतला तर वास वेलदोड्याचा. पुल्लाच्या पिठात भरडलेला वेलदोडा हवाच, नाहीतर तिला चव नाही असे मानतात. ज्याची मूळ भूमी आपला सह्याद्री, तो वेलदोडा बर्फाच्या देशात रोजच्या पावात आहे, आणि आपण मात्र तो सणासुदीच्या गोडात घालतो.

संध्याकाळ

संध्याकाळी कालिओ या जुन्या कामगार वस्तीत गेलो. वाटेत एकामागून एक नेपाळी खाणावळी लागल्या. मोमो, डाळ, नान. आज या शहरात पाचांत सुमारे एक माणूस असा आहे की ज्याची मातृभाषा फिन्निशही नाही आणि स्वीडिशही नाही. कोणाची रशियन, कोणाची एस्टोनियन, सोमाली वा अरबी. दोन भाषांचा हिशेब शंभर वर्षांत कसाबसा जमला, या नव्या भाषांचा हिशेब अजून मांडायचा आहे. त्यांचे पदार्थ मात्र पंगतीत येऊन बसलेसुद्धा.

कालिओत १९२८ पासून चालू असलेले, लाकडावर तापणारे एक सार्वजनिक सौना आहे. सुमारे छप्पन्न लाखांच्या या देशात सौना सुमारे तीस लाख आहेत असे सांगतात. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद मानवजातीच्या वारशात केली. तापलेल्या दगडांवर पाणी टाकले की जी वाफ उठते, तिच्यासाठी फिन्निशमध्ये जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘प्राण’. आत लाकडी पायऱ्यांवर दहा-बारा पुरुष उघड्या अंगाने बसले होते. कोण प्राध्यापक, कोण ट्रॅमचालक, कोणाची भाषा कोणती, काही कळत नव्हते, आणि कोणी बोलतही नव्हते. मग सारे टॉवेल गुंडाळून रस्त्याच्या कडेला येऊन गार वाऱ्यात बसले. गप्पा तिथे सुरू झाल्या, दोन्ही भाषांत.

परत आल्यावर

परत आल्यावर सामानातली पुस्तके लावताना आपल्या महाविद्यालयाचा मागील अंक हाती आला. तो घेऊन मी कन्नडच्या सहकाऱ्यांकडे गेलो आणि म्हणालो, “यातला एक लेख मला वाचून दाखवा.” ते क्षणभर पाहत राहिले. “सर, इतक्या वर्षांनी?” एवढेच म्हणाले. मग त्यांनी एका विद्यार्थिनीचा लेख वाचला, मध्ये मध्ये अर्थ सांगत. तिने आपल्या रानातल्या थंडीतल्या सकाळीचे वर्णन केले होते. शेणीच्या आरावर ज्वारीची कोवळी कणसे भाजायची, तळव्यावर चोळायची, फुंकर मारायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायची. आपण त्याला हुरडा म्हणतो, ती त्याला सीतनी म्हणते. ती मुलगी माझ्याच वर्गात बसत होती, आणि ती लिहिते हे मला ठाऊक नव्हते.

हेलसिंकीतील माणसे आपल्याहून शहाणी आहेत असे मला म्हणायचे नाही. तीही भांडली, अजून भांडतात. पण दुसऱ्याची भाषा थोडी तरी वाचता आली पाहिजे, हा नियम त्यांनी कुरकुरत का होईना स्वीकारला. आपल्याला तसा कायदा कोणी करून देण्याची वाट पाहायला नको. कन्नड विभाग याच अंकात आहे. अक्षरे येत नसतील तर शेजारच्या बाकावर ती येणारा कोणीतरी बसलेला असतो. त्याला एक पान वाचून दाखवायला सांगा, आणि त्याला आपले एक पान वाचून दाखवा.